दोन मायांचा हवालदार

इंझोरीच्या शिवारात जगदेवचा भाजीचा मळा कोणता, हे कुणाला विचारावं लागत नाही. इतरांच्या मळ्यात वांगी उभी असतात, जगदेवच्या मळ्यात ती सावधानमध्ये उभी असतात. दोरी लावून ओळ, मोजून अंतर, आणि एखादं रोप वाकलं तर काठीचा आधार मिळण्याआधी त्याला हवालदारसाहेबांचे दोन शब्द ऐकावे लागतात. चोवीस वर्षं माणसाने फौजेत काढली, सुटून येऊन सोळा वर्षं झाली, तरी पहाटे साडेचारला उठून आधी मळ्याभोवती दोन चकरा पळतो आणि मगच मेथीला पाणी सोडतो. त्याची बायको संगीता म्हणते, लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण उशिरा उठायची सुट्टी काही तिला अजून मंजूर झालेली नाही.

मी मूळची त्याच गावची. मानोऱ्यात तहसीलसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. शपथपत्रं, अर्ज, दुरुस्त्या, वारस, जे म्हणाल ते टाईप करते. माझा स्वभाव तापट आहे हे मीच सांगून टाकते, लोक नाहीतरी सांगतातच. पण तुम्हीच सांगा, तीस वर्षं रोज ज्याचा कागद चुकलेला आहे तोच माणूस समोर येऊन बसत असेल, तर डोकं थंड कसं राहील? चुकीच्या इतक्या जाती मी पाहिल्यात की आता काही नवं दिसणार नाही असं वाटायचं. मग गेल्या वर्षी जगदेव फाईल घेऊन आला.

झालं होतं असं. जगदेवची आई गिरजाबाई एकोणऐंशी वर्षांची. तिचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, बदलल्याशिवाय पर्याय नाही. माजी सैनिकाच्या आईवडिलांना फौजेच्या आरोग्य योजनेत मोफत उपचार मिळतात, त्यासाठी कार्ड काढावं लागतं. जगदेवने फॉर्म भरला, आईचा फोटो लावला, पाठवून दिला. तो परत आला. सोबत पत्र होतं: आपल्या सेवा अभिलेखात आईचं नाव भागिरथाबाई असं आहे, आपण पाठवलेली बाई वेगळी आहे, तरी खुलासा करावा.

मी पत्र दोनदा वाचलं. भागिरथाबाई म्हणजे जगदेवच्या घरासमोरची म्हातारी. तिचा नवरा फुलचंद, तो बिचारा केव्हाच वारला. आणि जगदेवच्या बापाचं नाव रेकॉर्डमध्ये बरोबर होतं, शालिकराम. म्हणजे फौजेच्या हिशेबाने शालिकराम आणि भागिरथा हे चाळीस वर्षं नवराबायको होते. आता शालिकराम जिवंत असता तर या एका कागदाने मेला असता, कारण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तो आणि भागिरथा जन्मभर एकमेकांशी धड बोलले नव्हते.

मी जगदेवला म्हटलं, भरतीत नाव सांगताना भांग प्यायला होतास का? तो टेबलासमोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला की नाही ताई, शुद्धीत सांगितलं, मामीनेच सांगायला लावलं.

मामी म्हणजे त्याची सख्खी आई. हे जरा नीट सांगायला हवं.

गिरजाबाईची पहिली तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथ्या वेळी जगदेव झाला, तेव्हा घरातल्या जुन्या बायांनी ठरवलं की हे पोरगं गिरजाच्या नावावर ठेवायचंच नाही. आमच्याकडे तशी रीतच होती. पाचव्या दिवशी बाळाला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि आधी ठरल्याप्रमाणे भागिरथा तिथून "सहज" चालली होती. तिने पायलीभर ज्वारी दिली आणि पोरगं विकत घेतलं. भागिरथेला मूल नव्हतं. मग तिने ते गिरजाबाईकडेच वाढवायला ठेवलं, म्हणजे यम आलाच तर त्याला कळावं की या घरातलं हे पोर या घराचं नाही. विकलेल्या लेकराला आईने माझं म्हणायचं नाही, असा नेम. जगदेव भागिरथेला माय म्हणत वाढला आणि जिने दूध पाजलं तिला मामी. तो जगला. त्याच्यामागून दोन बहिणी झाल्या, त्याही जगल्या. आता तुम्ही हसा किंवा काहीही म्हणा, पण ज्या बाईने तीन लेकरं पुरली तिच्यापुढे हसायची माझी तरी छाती नाही.

एकोणिसाव्या वर्षी पोरगा भरतीला निघाला तेव्हा गिरजाबाईने त्याला दारात थांबवून बजावलं होतं, "जथी तू जाऊन राह्यला तथी यम रोज फिरते. तथी माहं नाव सांगू नोको. भागिरथाचं सांग." आणि त्याने आज्ञाधारकपणे तसंच सांगितलं. पुढे लग्न झालं, जवळच्या नातलगाच्या जागी आईऐवजी बायकोचं नाव लागलं, आईच्या रकान्यात कुणी डोकावलंच नाही. आईला कधी साधा तापही आला नव्हता, डोकावणार कशाला?

गावात ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. पारावर चर्चा सुरू झाली. जिचे गुडघे गेले तिचं नाव नाही, आणि जिचं नाव आहे ती त्र्याऐंशीव्या वर्षी डोक्यावर भारा घेऊन चालते, तेव्हा सरकारचा मान राखायला भागिरथेचेच गुडघे बदलून टाका, असं एकाने सुचवलं. दुसऱ्याने सांगितलं, गिरजाबाईलाच भागिरथा म्हणून उभी कर, कोण बघतं? जगदेवने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पारावरून उठून घरी गेला. चोवीस वर्षं खोटी हजेरी लावली नाही, आता मायसाठी खोटं लिहू का, असं तो मला म्हणाला. मामी म्हणायच्या ऐवजी माय त्याच्या तोंडून निसटलं होतं. माझ्या ते लक्षात आलं, पण मी टाईप करत राहिले.

दरम्यान गिरजाबाईला मळ्यात गेल्याशिवाय करमत नव्हतं. मेथी कशी खुडायची, सांभार म्हणजे कोथिंबीर किती ठेवायची, हे सुनेला कळतं यावर तिचा विश्वास नव्हता. मग जगदेव तिला उचलून घेऊन जायचा. साधी पाठुंगळी नाही, जखमी जवानाला उचलायची जी रीत फौजेत शिकवतात त्या रीतीने, खांद्यावर आडवी. पदर सांभाळत ती उलट्या डोक्याने सगळ्या मळ्याला सूचना द्यायची. येणारेजाणारे एसटीतून वाकून पाहायचे.

मी सैनिकांच्या ऑफिसला विचारून यादी आणली. जगदेवचं शपथपत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, आईचं स्वतःचं शपथपत्र की हा माझ्या पोटचा मुलगा आहे. आणि जिचं नाव चुकून लागलं ती हयात असल्याने तिचंही निवेदन, की मी आई नाही, दुरुस्तीला माझी हरकत नाही. जगदेवचं मी त्याच दिवशी टाईप केलं. राहिल्या दोन म्हाताऱ्या. मला वाटलं, एका दुपारचं काम.

गिरजाबाईने माझा चहा होईपर्यंत ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. मी समजावलं, रागावले, दिवंगत शालिकरामाची शपथ घातली. ती खाटेवर गुडघे चोळत बसली होती. "म्या साठ वर्षं तोंड बंद ठेवलं म्हणून थो हाय," ती म्हणाली. "दोन गुडघ्यांपायी आता तोंड उघडू काय? अन् थे बी सरकारी कागदावर?" तोंडी बोललेलं यमाच्या कानावरून जाऊ शकतं, पण शिक्का मारलेला कागद तो वाचणारच, असा तिचा हिशेब होता. माझ्या धंद्यावर एवढा विश्वास आजवर कुणी दाखवला नव्हता.

मग समोरच्या घरी गेले. भागिरथाबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनेही नाहीच म्हटलं, पण कारण सांगितलं नाही. तिचं कारण गावाला माहीत होतं, किंवा गावाला तसं वाटत होतं. दरवर्षी पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याजवळची पहिली खुर्ची फौजीची माय म्हणून भागिरथाबाईची असे. पांढरंशुभ्र लुगडं नेसून, नाकात नथ घालून ती तिथे बसायची आणि सरपंचालाही दुसऱ्या खुर्चीवर बसवायची. मला रागच आला. मी म्हटलं, माय, एका खुर्चीपायी एका बाईला जन्मभर खाटेवर बसवशील का? ती माझ्याकडे पाहत राहिली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी तणतणत परत आले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लोकांना घाईने बोलले आहे, पण या एका वाक्याची मला अजून लाज वाटते.

जगदेव तर दोघींपुढे तोंडच उघडत नव्हता. शंभर-शंभर पोरांना मैदानात पळवणारा माणूस या दोन म्हाताऱ्यांसमोर दप्तर विसरलेल्या पोरासारखा उभा राहायचा. जाऊ द्या ताई, मी उचलून नेत जाईन, असं म्हणू लागला. स्वतः एकोणसाठ वर्षांचा, वर रक्तदाबाची गोळी, आणि म्हणे उचलून नेत जाईन.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी वांग्याला पाणी सोडलेलं होतं, वाफा ओला होता, गिरजाबाई खांद्यावरून सुनेला काहीतरी ओरडून सांगत होती, आणि हवालदारसाहेबांचा पाय सटकला. पडताना त्याने तिला वर धरलं, स्वतः खाली गेला. तिला खरचटलंही नाही, चिखल मात्र केसांपर्यंत. जगदेवची कंबर धरली. वांग्याची अख्खी ओळ आडवी झाली. त्याला चौघांनी उचलून घरी आणलं आणि आता घरात दोन खाटांवर दोन माणसं झाली. रात्रभर तो कण्हत होता. आणि ती शेजारच्या खाटेवरून एकेक कण्हणं ऐकत होती.

सकाळी तिने संगीताच्या मोबाईलवरून मला फोन लावला. "यम नेईन म्हणून भ्यायली," ती म्हणाली, "अन् खांद्यावर बसून मीच मारून राह्यली त्याले. आण तुहा कागद." पण एक अट होती. विकलेलं पोर असं तोंडाने म्हणून परत होत नाही. ज्याने घेतलं त्याने चारचौघांत परत द्यायला हवं. म्हणजे भागिरथाबाईशिवाय गाडी पुढे जाणार नव्हती.

मी जाणार नाही असं मी स्पष्ट सांगितलं, गेल्या वेळचा नकार मी विसरले नव्हते. तेव्हा आठवड्याने, कंबर जरा सुटल्यावर, जगदेव स्वतःच रस्ता ओलांडून गेला. काय बोलला माहीत नाही. संगीता सांगते की तो काही बोललाच नाही, भागिरथाबाईपुढे बसून तासभर शेंगा सोलत राहिला. उठताना भागिरथाबाई एवढंच म्हणाली की कधी जायचं ते सांग, लुगडं धुवून ठेवते.

सोमवारी सगळी वरात मानोऱ्याला आली. गिरजाबाईला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून नायब तहसीलदारांच्या खोलीत नेलं. भागिरथाबाई पंधरा ऑगस्टचं लुगडं नेसून भिंतीशी उभी. साहेब तरुण होते, दर मिनिटाला कागद उलटत होते, आणि वरचा पंखा असा घरघरत होता की बोललेलं निम्मं तोच खात होता. मी आधी भागिरथाबाईचं निवेदन पुढे केलं. तिने मला लिहायला सांगितलं होतं तसंच मी लिहिलं होतं: सदर मुलगा मी पायलीभर ज्वारी देऊन घेतला, एकोणसाठ वर्षं सांभाळला, आणि आज चांगल्या स्थितीत परत देत आहे. साहेबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साहेब, म्हातारी म्हणते ते लिहावं लागतं. कमरेला पट्टा बांधलेला जगदेव "चांगल्या स्थितीत" या शब्दांवर जमेल तेवढा ताठ झाला.

काही हरकत आहे का, असं साहेबांनी भागिरथाबाईला रिवाजाप्रमाणे विचारलं.

"हरकत नाई," ती म्हणाली. "पण एक लिहून घ्या. कागद माह्याच घरी आला पाह्यजे."

कोणता कागद, साहेबांनी विचारलं.

"वाईट बातमीचा."

मग तिने जे सांगितलं ते गावात कुणालाच माहीत नव्हतं, जगदेवलाही नाही. अठ्ठ्याऐंशी साली जगदेव श्रीलंकेत होता. तेव्हा त्याचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून फौजेची तार जवळची नातलग म्हणून रेकॉर्डमधल्या आईच्या नावाने आली, म्हणजे भागिरथेच्या घरी. मांडीत गोळी लागली आहे, प्रकृती गंभीर. पोस्टमनने वाचून दाखवली. तिने त्याला तिथल्या तिथे शपथ घातली आणि तार ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवली. तीन लेकरं गेलेली गिरजा ही चौथी बातमी पेलणार नाही, हे तिला माहीत होतं. अकरा दिवस ती एकटी ती तार घेऊन जगली. रोज गिरजाच्या मळ्यात निंदायला गेली, रोज शालिकरामशी पाण्यावरून भांडली, कारण भांडली नसती तर त्याला संशय आला असता. बाराव्या दिवशी जगदेवच्याच हाताचं पत्र आलं की मी बरा आहे. मग तिने तार चुलीत घातली.

"नाव माहं हाय तवर तसला कागद गिरजाकडं जात नाई," ती साहेबांना म्हणाली. "नाव काढलं तर जाईन."

मी खाली मान घातली. खुर्ची, खुर्ची म्हणून मी या बाईला बोलले होते.

साहेबांचा आवाज उतरला होता. ते म्हणाले की आजी, ते आता रिटायर झालेत, आता फौजेकडून तशी तार येत नाही.

"मरण काय रिटायर होते काय, साहेब?"

 उत्तर खुर्चीतून आलं. गिरजाबाईने हात लांब करून भागिरथेचा पदर धरला आणि तिला ओढून जवळ घेतलं. आता येऊ दे माझ्या घरी, दोघी मिळून ऐकू, असं काहीसं ती म्हणाली, ते निम्मं पंख्याने खाल्लं. मग तिने जगदेवकडे पाहिलं, एकदा आढ्याकडे पाहिलं, आणि पुटपुटली, "जगदेव माहा हाय."

साहेबांना ऐकू गेलं नाही. ते म्हणाले, जरा मोठ्याने बोला.

साठ वर्षं जे वाक्य बाईने दाताखाली दाबून ठेवलं होतं, ते कसंबसं बाहेर आलं, तर सरकार म्हणतं मोठ्याने बोला. मी साहेबांवर तोंड सोडणारच होते. पण गिरजाबाईने खुर्चीचे हात धरले आणि अशा आवाजात म्हणाली की बाहेर सातबाऱ्याच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली: "जगदेव माहा हाय. माह्या पोटचा हाय."

 गिरजाबाई जगदेवकडे टक लावून पाहत होती, त्याला काही होतंय का म्हणून. तोही बिचारा श्वास रोखून उभा, खोकला आला तो त्याने गिळला. काही झालं नाही. पंखा फिरत राहिला. तेव्हा तिने तिसऱ्यांदा म्हटलं, हळू, जरा चव घेत. तिसऱ्यांदा तिला कुणी विचारलं नव्हतं. जगदेव रडायला लागला, आणि मी शिक्क्याची जागा दाखवायच्या निमित्ताने कागदावर वाकले.

कागद गेले. पाच महिन्यांनी दुरुस्तीचं पत्र आलं, मग कार्ड आलं, आणि मार्चमध्ये अकोल्याला गिरजाबाईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. सोबत कोण राहणार याची घरात चर्चाच झाली नाही, भागिरथाबाई आधीच पिशवी भरून एसटीच्या थांब्यावर उभी होती. दवाखान्यात नर्स फॉर्म भरत होती. पेशंटसोबत कोण? भागिरथाबाई. पेशंटशी नातं काय? यावर जगदेव अडखळला. शेजारीण म्हणवेना, बहीण म्हणावं तर ते खोटं झालं असतं, आणि खोटं तो लिहीत नाही. स्ट्रेचरवरून गिरजाबाईनेच सांगितलं, "लिही बाई, माह्या पोट्ट्याची माय."

नर्सने पेन थांबवलं. मग त्या मुलाच्या तुम्ही कोण, असं तिने विचारलं.

"मी बी मायच," गिरजाबाई म्हणाली.